संगिनीवरची छोटीशी फुली

(या एपिसोडचं लेखी रूप. ऐकताना जसं बोललंय, साधारण तसंच ठेवलंय.)



आज सुरुवात स्वयंपाकघरातून. तुमच्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी हे वाक्य ऐकलं असणार, "अरे, सुरीने डबा नको उघडू, टोक मोडेल!" आईने म्हटलं असेल, आजीने म्हटलं असेल. आणि तरी आपण काय करतो? घट्ट बसलेलं झाकण दिसलं, की हात आपोआप सुरीकडेच जातो. स्क्रू ढिला झालाय? सुरी. पार्सलची चिकटपट्टी? सुरी. कारण स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय ते कुणालाच माहीत नसतं आणि सुरी समोरच असते.

आता हीच गोष्ट सैनिकाच्या कमरेला लावून बघा. त्याच्याकडे एक पातं आहे. ते त्याला शत्रूशी लढायला दिलंय. पण शत्रू समोर येतो कधीतरी. लाकूड फोडायचं, डबा उघडायचा, दोरी कापायची, खड्डा उकरायचा, हे रोजचं आहे. मग त्या पात्याचं काय होतं?

आजचा विषय संगीन. इंग्रजीत ज्याला बायोनेट म्हणतात ती. बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायचं पातं. शब्द फारसीतून आलाय. 'संग' म्हणजे दगड, 'संगीन' म्हणजे दगडासारखं, जड, भक्कम. म्हणूनच आपण 'संगीन गुन्हा' म्हणतो. म्हणजे भक्कमपणा नावातच आहे. पण ती खरंच भक्कम होती का? आणि नसेल तर त्याची किंमत कोणी मोजली?

एक फुली

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश संगीन कधी बघायला मिळाली, तर एक काम करा. पातं जिथे मुठीला मिळतं, तिथे नीट बघा. बरेच छाप मारलेले दिसतील. कारखान्याचं नाव, तारीख, सरकारी मालमत्ता दाखवणारा बाण. आणि त्यातच एक छोटीशी फुली. गुणाकाराच्या चिन्हासारखी.

ही फुली म्हणजे परीक्षेत पास झाल्याची खूण. हे पातं वाकवून बघितलं होतं, सोडल्यावर ते पुन्हा सरळ झालं, मोडलं नाही, वाकडं राहिलं नाही, असा तिचा अर्थ.

बघायला गेलं तर किती क्षुल्लक गोष्ट! पण तलवार, सुरी, कोयता बनवणाऱ्या कुठल्याही लोहाराला विचारा, हीच सगळ्यात अवघड परीक्षा आहे. का, ते पुढे सांगते. आधी थोडं मागे जाऊ.

आधी सुरीच होती

सतराव्या शतकात बंदूक भरायला वेळ लागायचा. गोळी एकदा झाडली की पुढची भरेपर्यंत सैनिक जवळपास निःशस्त्र. घोडेस्वार अंगावर आले तर? म्हणून बंदूकवाल्यांच्या जोडीला लांब भाले घेतलेले लोक उभे करावे लागायचे. मग कुणाला तरी कल्पना सुचली, बंदुकीचाच भाला का करू नये?

पहिली संगीन अगदी साधी होती. एक मोठा सुरा, त्याची लाकडी मूठ निमुळती. ती मूठ सरळ नळीच्या तोंडात खुपसायची, बाटलीला बूच लावतात तशी. १६७० च्या दशकात फ्रेंच सैन्यात ही चांगलीच रुळली. 'बायोनेट' हे नाव फ्रान्समधल्या बायोन गावावरून आलं असं मानलं जातं.

लक्षात घ्या, ही संगीन आधी सुरा होती. नळीतून काढली की हातात धरून वापरता यायची, कापता यायचं, सोलता यायचं. पण एक घोळ होता. नळीत बूच असताना गोळी कशी झाडणार?

२७ जुलै १६८९. स्कॉटलंडमधली किलीक्रॅंकीची लढाई. सरकारी सैन्याचा सेनापती ह्यू मॅके. डोंगरउतारावरून हायलँडर लोक तलवारी घेऊन धावत आले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि मग संगिनी नळीत बसवायला घेतल्या. तेवढा वेळच मिळाला नाही. फळी फुटली, पळापळ झाली. त्यानंतर मॅकेने स्वतः संगीन नळीच्या बाहेरून बसवायची पद्धत आणायचा आग्रह धरला.

पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळ्या युरोपात नवी संगीन आली. मुठीच्या जागी लोखंडी नळकांडं, ते बंदुकीच्या नळीवर बाहेरून चढवायचं, आणि बाजूने वळलेलं लांब त्रिकोणी टोक. आता संगीन लावूनही गोळी झाडता येत होती. प्रश्न सुटला. पण या सुधारणेत सुरी हरवली.

सुरी गेली, टोचा आला

त्रिकोणी संगिनीला धारच नव्हती. ती कापायची नाही, फक्त भोसकायची. पण त्रिकोणी आकारामुळे ती मजबूत मात्र होती. कागद सपाट धरला तर लवतो, घडी घातली की ताठ उभा राहतो, तसंच हे. कमी लोखंडात जास्त ताठपणा.

ही संगीन आपल्याकडेही आली. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. वेलस्लीच्या फौजेकडे संगिनी होत्याच, पण समोर शिंद्यांचे जे कवायती कंपू उभे होते त्यांच्या बंदुकांनाही संगिनी होत्या. दोन्हीकडे तेच तंत्र. त्या दिवशी तोफांच्या माऱ्यातून पुढे जाऊन संगिनींनी तोफा घेतल्या गेल्या, आणि असईचं नाव ब्रिटिश पलटणींच्या झेंड्यांवर गेलं.

पण लढाईचे दिवस मोजके, छावणीचे दिवस जास्त. मग या बिनधारेच्या टोच्याचं छावणीत काय करायचं? सैनिक हुशार असतात. त्यांनी ती उलटी करून टोकाने जमिनीत रोवली, आणि वर आलेल्या नळकांड्यात मेणबत्ती बसवली. झाली समई! अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, हा वापर सर्रास होता. मांस भाजायची सळई म्हणून, तंबूची खुंटी म्हणून आणि अचानक गोळीबार सुरू झाला की आडोशासाठी माती उकरायलाही तीच संगीन.

आणि लढाईत? त्या युद्धात उत्तरेच्या लष्करी डॉक्टरांनी जखमांची नोंद ठेवली. जवळपास अडीच लाख जखमी. त्यात संगीन आणि तलवार, दोन्ही मिळून झालेल्या जखमा हजाराहूनही कमी! संगिनीने मेलेले रुग्णालयापर्यंत पोचलेच नसतील, हे खरं. समोरून संगिनी येताना दिसल्या की बरेच जण थांबायचेच नाहीत, हेही खरं. तरीपण आकडा बोलतो. बहुतेक संगिनींनी माणसापेक्षा माती जास्त पाहिली.

अजून एक मजेशीर गोष्ट. डबाबंद अन्नाचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली पीटर ड्युरँडने घेतलं. पण डबा उघडायचं हत्यार कधी आलं? अमेरिकेत एझ्रा वॉर्नरचं पेटंट १८५८ चं! म्हणजे जवळपास अर्धं शतक डबे होते, ओपनर नव्हता. मग सैनिक डबा कशाने उघडत असतील? जे हाताशी असेल त्याने. छिन्नी, दगड, आणि अर्थातच संगीन. आईचं वाक्य ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

वाकलेलं पातं

इथपर्यंत गंमत होती. आता जरा गंभीर.

१८८५ चा जानेवारी. सुदानचं वाळवंट. खार्टूममध्ये जनरल गॉर्डन वेढ्यात अडकलाय. त्याला सोडवायला ब्रिटिशांची उंटांवरची एक तुकडी निघालीय, साधारण दीड हजारांच्या आसपास माणसं. १७ जानेवारीला अबू क्लियाच्या विहिरींजवळ महदीच्या सैन्याने त्यांना गाठलं.

ब्रिटिशांनी चौकोनी व्यूह रचला होता. चारी बाजूंना तोंड करून उभे राहिलेले सैनिक, मधे उंट आणि जखमी. एका कोपऱ्यावर फट पडली आणि हल्लेखोर आत शिरले. तिथे असलेली गार्डनर तोफ, म्हणजे मशीनगनचीच थोरली बहीण, ती अडकली. मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये काडतुसं चिकटून बसायला लागली. उरली काय? संगीन.

आणि त्या संगिनी वाकल्या.

विचार करा. समोर माणूस, हातात शेवटचं शस्त्र, आणि ते तारेसारखं वळतंय. सगळी चकमक साधारण पाव तासात संपली. ब्रिटिशांचे सत्तरहून जास्त लोक मेले, महदीच्या बाजूचे हजाराहून जास्त. खार्टूम तरीही वाचलं नाही, २६ जानेवारीला ते पडलं.

इंग्लंडमध्ये बातम्या पोचल्या तेव्हा संताप उसळला. वर्तमानपत्रांत, पार्लमेंटमध्ये एकच प्रश्न, आमच्या पोरांना हे असलं पोलाद कोणी दिलं? चौकशा झाल्या. संगिनी आणि तलवारी परत तपासायला घेतल्या. शस्त्र कसं पारखायचं हा मुद्दा लष्करी कार्यालयातून उठून लोकांच्या तोंडी आला.

मला यातली बोचणारी गोष्ट ही वाटते. पातं खराब होतं हे कळलं कुठे? कारखान्यात नाही, गोदामात नाही. ज्याच्या हातात ते होतं त्याला कळलं, आणि तेव्हा त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

लोहाराचं कोडं

आता ती वाकवण्याची परीक्षा अवघड का, ते बघू.

गावाकडे विळा-कोयता बनवताना लोहार त्याला 'पाणी पाजतो'. लालबुंद तापवलेलं पातं झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्याने पोलाद एकदम कडक होतं. कडक म्हणजे धार टिकते. पण कडक म्हणजे काचेसारखंही. जोरात आपटलं तर तडकतं. म्हणून मग ते परत थोडं, बेताने तापवायचं. त्याने कडकपणा जरासा उतरतो आणि चिवटपणा येतो.

सगळा खेळ या दोनमधल्या मध्यबिंदूचा आहे. फार कडक ठेवलं तर धार मस्त, पण लढताना किंवा पेटी उचकटताना कटकन मोडणार. फार मऊ ठेवलं तर मोडणार नाही, पण अबू क्लियासारखं वाकणार आणि धारही लवकर जाणार.

घरातली सुरी आपण धारेसाठी बनवतो, कारण टोमॅटो काही तिला आडवा जोर लावत नाही. संगीन मात्र लांब रायफलच्या टोकाला असते. मागे सैनिकाचं सगळं वजन, पुढे वळणारा, धडपडणारा माणूस. म्हणून संगीन बनवणारे चिवटपणाकडे झुकायचे. तिला वस्तऱ्यासारखी धार नसायची ती आळसामुळे नाही, हिशेबामुळे. शांततेच्या काळात तर बऱ्याच सैन्यांत संगिनीला धार लावतच नसत. १९१४ साली युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश पलटणींत संगिनींना धार लावून घ्यायचं काम आधी निघालं.

आणि आता सैनिक हेच पातं सुरीसारखं वापरायला बघतो. धार कमी, म्हणून तो कुरकुरतो. पेटीचं झाकण उचकटताना टोक मोडतं, म्हणून शिव्या घालतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण एक सोडवली की दुसरी वाढते.

करवत, फावडं, कोयता, सगळं एकात

एकोणिसाव्या शतकात काहींना वाटलं, सैनिक एवढी कामं संगिनीने करतोच आहे तर त्या कामांसाठीच बनवू ना!

इंग्लंडमध्ये लॉर्ड एल्को यांच्या नावाची संगीन १८७० च्या सुमारास आली. पुढे रुंद पातं झुडपं तोडायला, पाठीला करवतीचे दात. अमेरिकेत एडमंड राइस या अधिकाऱ्याने चक्क थापीसारखी संगीन बनवली. गवंडी वापरतो ना थापी, तशी. १८७३ च्या नमुन्याच्या अशा सुमारे १०,००० संगिनी बनल्या. कल्पना वाईट नव्हती. बंदुकांचा मारा एवढा वाढला होता की जमिनीत शिरणं हाच जीव वाचवायचा उपाय होता. पण थापीने नीट भोसकता येत नाही आणि संगिनीच्या मापाच्या थापीने नीट खणताही येत नाही. दोन्ही प्रकार मागे पडले.

जर्मनांनी करवतीच्या दातांच्या संगिनी बऱ्याच काळ ठेवल्या. सगळ्यांना नाही, ज्यांना लाकूडकाम करावं लागायचं अशा काहींना. पहिल्या महायुद्धात समोरच्या बाजूने त्याचा प्रचार केला, बघा हे रानटी, मुद्दाम जखम चिघळावी म्हणून दात काढलेत! असली संगीन घेऊन पकडला गेलेला जर्मन जिवंत राहत नाही अशी बोलवा खंदकांत होती. रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या कादंबरीत जुने सैनिक नव्या पोरांच्या असल्या संगिनी बदलून घेतात, तो प्रसंग यावरच आहे. युद्धाच्या शेवटाकडे अनेक संगिनींचे दात घासून काढले गेले.

म्हणजे बघा, दात होते फांद्या कापायला. आणि त्यापायी माणसाचा जीव जायची वेळ आली.

'रक्ताची खाच' आणि सतरा इंच

आता परत आपल्या फुलीकडे.

१९०७ ची ब्रिटिश संगीन. पातं १७ इंच, जवळपास दीड फूट. जपानी आरिसाका रायफलच्या संगिनीवरून कल्पना घेतलेली. एवढी लांब कशाला? कारण ब्रिटिशांनी रायफल आखूड केली होती. समोरच्याची रायफल लांब, मग आपली पोच कमी पडेल, या भीतीने पातं लांब केलं.

या संगिनीच्या पात्यावर दोन्ही बाजूंना लांब पन्हळ आहे. इंटरनेटवर कुणीतरी तुम्हाला छातीठोकपणे सांगेल, ही 'रक्ताची खाच', रक्त वाहून जावं म्हणून. मंडळी, साफ खोटं! पन्हळ असते वजन कमी करायला. मधलं लोखंड काढलं तरी कडांची जाडी ताठपणा टिकवते. इमारतीच्या बांधकामात लोखंडी गर्डर बघा, मधे बारीक आणि वर-खाली जाड. तोच हिशेब.

ही संगीन बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनली आणि भारतीय सैन्याच्या हातात राहिली. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियनांशी जी लढाई झाली तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, कोकणातली पोरं, हातात ली-एनफील्ड रायफल आणि ही लांब संगीन. तिथे वर चढून जायचं होतं आणि शेवटचे काही हात समोरासमोरच व्हायचे होते. तिथे लांबीचा उपयोग होता.

पण लगेच पुढच्या काळात युद्ध ब्रह्मदेशच्या जंगलात शिरलं. आता विचार करा, दाट बांबू, वेली, चिखल, आणि तुमच्या कमरेला दीड फुटाचं पातं लोंबतंय. चालताना अडकतं, सुरी म्हणून वापरावं तर हात पुरत नाही. भारतातच मग नवे नमुने निघाले, पातं १७ वरून १२ इंचांवर आणलं. काही ठिकाणी जुनी पाती कापून आखूड केली, काही नवीन आखूडच बनवली, आणि पन्हळीचा खर्चही वाचवला.

अमेरिकनांनीही तेच केलं. त्यांची संगीन १६ इंचांची होती. १९४३ पासून ती १० इंचांवर आली, आणि हजारो जुनी पाती अक्षरशः कापून घेतली. १९४४ मध्ये त्यांनी हलक्या कार्बाइनसाठी जी संगीन काढली ती तर खंदकातल्या लढाईच्या सुरीवरूनच बनवली. म्हणजे अडीचशे वर्षांनी चक्र पूर्ण! सुरीपासून सुरू झालेली संगीन परत सुरी झाली.

ब्रिटिशांनी मात्र उलटी उडी मारली. लढाईत पोलाद वाचवायचं होतं, म्हणून नव्या रायफलसाठी साधा ८ इंचांचा गोल टोचा. स्वस्त, पटकन बनणारा. सैनिकांना तो अजिबात आवडला नाही. कापता काहीच येत नाही, डब्याला भोक पाडता येतं बस्स. युद्ध संपल्यावर ब्रिटिशही मुकाट्याने पात्याच्या संगिनीकडे परत आले.

पण एका कामात टोक असलेली कुठलीही संगीन देवासारखी धावून आली. सुरुंग शोधणं. १९४२ च्या अल अलामेनच्या लढाईत वाळूत लाखो सुरुंग पेरलेले होते. पोलिश इंजिनिअर कोसात्स्की यांनी बनवलेली सुरुंगशोधक यंत्रं होती, पण सगळ्यांना पुरतील एवढी नव्हती. मग सैनिक पोटावर पडून, संगीन तिरकी धरून, वाळूत हलकेच खुपसत पुढे सरकायचे. सरळ उभी खुपसली तर सुरुंगाच्या माथ्यावर दाब पडणार. तिरकी खुपसली तर कडेला टेकते. टक् असा आवाज आला की थांबायचं.

माझ्या मते संगिनीचं सगळ्यात मोठं काम हेच. कुणाला मारायला नाही, तर मागून येणाऱ्यांसाठी वाट करायला.

भोक पडलेलं पातं

शेवटचा टप्पा. १९५० च्या दशकात सोव्हिएत युनियनमध्ये तोदोरोव नावाच्या माणसाने नौदलाच्या पाणबुड्यांसाठी एक सुरी आखली. त्यातून एकेएम रायफलची संगीन निघाली. तिची शक्कल बघा. पात्याला एक भोक, म्यानाला एक छोटा खुंट. खुंट भोकात अडकवला की दोन्ही मिळून कात्री! काटेरी तार कापायला. मुठीला आणि म्यानाला विजेचा झटका लागू नये असं आवरणही होतं.

ही कल्पना जगभर पसरली. अमेरिकेने १९८० च्या दशकात एम-९ नावाची संगीन घेतली. मिकी फिन यांच्या फ्रोबिस कंपनीने ती आखली, बक नाइव्ह्जने बनवली. सात इंचांचं पातं, पाठीला करवत, तार कापायचं भोक, म्यानावर धार लावायचा दगड आणि स्क्रूड्रायव्हर. म्हणजे स्वयंपाकघरातला ड्रॉवरच कमरेला बांधला.

आधीच्या एम-७ पेक्षा एम-९ चं पातं बरंच जाड होतं. तरी ते मोडतं अशा तक्रारी आल्याच. पण नीट बघा. एम-७ सैनिक बेतानेच वापरायचा, कारण ती बारीक दिसायची. एम-९ ला सांगितलंच होतं की तू करवत आहेस, कात्री आहेस, सगळं आहेस. मग सैनिकाने तिला पहारही बनवलं. दारूगोळ्याच्या पेट्या उचकट, दारं उघड, जमेल तिथे फेक. आणि कुठल्याही पात्यात भोक पाडलं, दात काढले, की त्या जागी ताण गोळा होतो. कागद फाडताना आधी जरा कातरून घेतला की तिथूनच सरळ फाटत जातो ना, तसंच पोलादाचंही असतं.

अमेरिकन मरीन दलाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा रस्ता धरला. ओन्टारिओ नाइफ कंपनीची ओकेसी-३एस. आठ इंचांचं साधं, भक्कम पातं, एका बाजूला थोडे दाते, मुठीला पकड. तार कापायचं भोक नाही. म्हणजे नाही म्हणायला ते शिकले. सगळी कामं एका पात्याकडून करून घेण्यापेक्षा, ते पातं मुख्य कामांत दगा देणार नाही एवढं बघा.

२०१० मध्ये अमेरिकन लष्कराने तर नव्या सैनिकांच्या प्रशिक्षणातून संगिनीचा हल्ला करायचा सराव काढूनच टाकला. पण संगीन काढून घेतली नाही. का? कारण सुरी लागतेच. आणि संगीन अजून पूर्ण जुनी झालेली नाही. २००४ मध्ये इराकमध्ये अमारा शहराजवळ ब्रिटिश सैनिकांनी संगिनी लावून हल्ला केला. म्हणजे शेवटच्या क्षणी ती अजूनही शस्त्र होऊ शकते.

मग फुलीचं काय?

साडेतीनशे वर्षांच्या या गोष्टीत एक गंमत आहे. संगीन आखणारे नेहमी एका क्षणाचा विचार करत राहिले, हल्ल्याचा. आणि संगीन वापरणारे बाकीच्या सगळ्या दिवसांचा. डबा, दोरी, माती, मेणबत्ती, सुरुंग. पातं लांबचं आखूड झालं, टोच्याची सुरी झाली, ते कुठल्या सेनापतीच्या हुशारीमुळे कमी आणि सैनिकाच्या रोजच्या कटकटीमुळे जास्त.

पण मला तरी ती फुली जास्त महत्त्वाची वाटते. अबू क्लियाला कळलं ते असं, की वस्तू टिकाऊ आहे की नाही हे ठरवायची वेळ ती माणसाच्या हातात जाण्याआधी असते. कुणीतरी कारखान्यात उभं राहून प्रत्येक पातं वाकवायचं, सोडायचं, बघायचं आणि मगच छाप मारायचा. कंटाळवाणं काम. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. पण त्याने कंटाळा केला, तर हजारो मैलांवर, वाळवंटात, कुणाच्या तरी हातात ते वाकणार आहे.

तुम्ही पूल बांधा, ॲप बनवा किंवा लिफ्ट दुरुस्त करा. आपलं काम कुणाच्या तरी हातात जातंच. आणि तो माणूस ते आपण सांगितलेल्या पद्धतीनेच वापरेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. तो त्याने डबा उघडणारच!

तर मंडळी, आज घरी गेल्यावर ड्रॉवरमधल्या सुरीचं टोक बघा. मोडलेलं असेल, तर कोणी मोडलं ते तुम्हाला माहीत आहे. आईला सांगू नका, मीपण नाही सांगणार.

पुढच्या भागात परत भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि झाकण उघडायला चमचा वापरा!